सकारण स्पष्ट करा

इतिहासाच्या प्रश्नपत्रिकेत ‘पुढील विधाने सकारण स्पष्ट करा’ हा प्रश्न सहसा चुकत नाही. आपल्या विद्यालयात इतिहास शिकवताना या एका प्रश्नाची उत्तरे मी किती तपासली असतील, याची मोजदाद ठेवलेली नाही. अनेक मुले दिलेले विधानच शब्द फिरवून पुन्हा लिहितात आणि शेवटी ‘म्हणून असे झाले’ एवढे जोडतात. अशा उत्तराला माझ्याकडून गुण मिळत नसत, हे माजी विद्यार्थ्यांना चांगले स्मरत असेल. काहींचा त्याबद्दलचा राग अद्याप गेलेला नाही, असे स्नेहमेळाव्यात कळते.

गेल्या पावसाळ्यात अशाच एका माजी विद्यार्थ्याचा फोन आला. तालुक्याच्या गावी त्याचे दुचाकी दुरुस्तीचे गॅरेज आहे. शेजारचा गाळा घेऊन सुट्या भागांचे दुकान टाकावे, म्हणून त्याने बँकेत कर्जासाठी अर्ज केला होता. “जयभीम मॅडम. कर्ज नामंजूर झालं.” मी विचारले, “का रे?” तो म्हणाला, “सिस्टीमनं रिजेक्ट केलं, असं साहेब म्हणाले. का केलं, ते त्यांनाही दिसत नाही म्हणे.” तो अधिकारी उद्धट नव्हता, हेही त्याने आवर्जून सांगितले. त्या तरुण अधिकाऱ्याच्या पडद्यावर एक आकडा आणि त्याखाली एक शब्द उमटला होता. विधान होते, कारण नव्हते.

या स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला, तेव्हा शाळेच्या आठवणी लिहिण्याचा विचार होता. पण तो फोन मनातून जाईना. संगणकशास्त्र हा माझा विषय नव्हे. तथापि पुण्यात संगणक क्षेत्रात काम करणाऱ्या आपल्या एका माजी विद्यार्थिनीने सुट्टीत आल्यावर चार संध्याकाळी बसून मला हे समजावले, वाचावयास दिले आणि माझ्या अडाणी प्रश्नांना कंटाळली नाही. त्यातून जे उमगले, ते येथे मांडते. आपली मुले ज्या बँकांत, रुग्णालयांत, कंपन्यांत अर्ज घेऊन उभी राहतात, तेथे निर्णयाच्या टेबलावर हे यंत्र आता येऊन बसले आहे. आणि आपल्यापैकी काही जण त्या टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीवरही बसले आहेत.

पूर्वीचा संगणक माणसाने घालून दिलेल्या नियमांवर चाले. उत्पन्न अमुकपेक्षा कमी असेल तर अर्ज बाजूला काढ, असे कोणीतरी लिहिलेले असे. नियम अन्यायाचा असला तरी तो कोणत्या ओळीत आहे, हे दाखवता येत असे. मशीन लर्निंगची रीत निराळी आहे. येथे नियम लिहिले जात नाहीत. मागील हजारो प्रकरणे आणि त्यांचे निकाल यंत्रापुढे ठेवले जातात: हा अर्जदार असा होता, त्याने कर्ज फेडले, तो तसा होता, त्याने बुडवले. यंत्र त्यांतून साम्ये शोधते आणि नव्या अर्जदाराबद्दल अंदाज बांधते. मोठ्या मॉडेलमध्ये हे अंदाज लक्षावधी बारीक आकड्यांच्या गुंफणीतून येतात. ती गुंफण ज्यांनी तयार केली, त्यांनाही एखाद्या अर्जाबाबत ‘याच कारणाने’ असे सांगता येत नाही. म्हणून अशा मॉडेलला ‘ब्लॅक बॉक्स’, म्हणजे आत न दिसणारी पेटी, म्हणतात. आणि त्या पेटीला कारण विचारण्याच्या शास्त्राला स्पष्टीकरणक्षम मशीन लर्निंग.

इतिहासाच्या शिक्षकाला यात एक गोष्ट ओळखीची वाटते. हे यंत्र भूतकाळातली कागदपत्रे वाचून निष्कर्ष काढते. म्हणजे एका अर्थी इतिहासच वाचते. फरक इतकाच की, आपण विद्यार्थ्यांना साधनांची चिकित्सा शिकवतो. हा कागद कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला, त्यात काय लिहायचे राहिले, हे विचारल्याखेरीज बखरीवर विश्वास ठेवू नये, असे बजावतो. यंत्राला ही चिकित्सा येत नाही. त्याच्या दृष्टीने प्रत्येक नोंद हे सत्यच असते.

याचा सर्वांत बोलका दाखला वैद्यकातला आहे. १९९० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेत एका संशोधन प्रकल्पात न्यूमोनियाच्या रुग्णांचा अभ्यास सुरू होता. प्रश्न रुग्णालयांच्या धोरणाचा होता: आलेल्या रुग्णांपैकी कोणाला दाखल करून घ्यावे आणि कोणाला औषध देऊन घरी पाठवावे? खाटा मोजक्या, खर्च अफाट. सुमारे चौदा हजार रुग्णांच्या नोंदींवरून मृत्यूचा धोका वर्तवणारी निरनिराळी मॉडेले तयार करण्यात आली. रिच कॅरुआना हे तेव्हा संशोधक विद्यार्थी होते. त्यांनी केलेले न्यूरल नेटवर्क सर्वांत अचूक ठरले. पण ते आत न दिसणाऱ्या पेटीसारखे होते. त्याच नोंदींवर दुसऱ्या एका सहकाऱ्याने साधे, वाचता येणारे नियम काढणारे मॉडेल चालवले होते. त्या नियमांत एक चमत्कारिक नियम निघाला: रुग्णाला दमा असेल, तर न्यूमोनियाने मरण्याचा धोका कमी.

दमेकऱ्याला न्यूमोनिया झाला तर काय होते, हे सांगायला डॉक्टर असावे लागत नाही. मग यंत्र चुकले होते काय? नोंदींपुरते बोलायचे तर नाही. दम्याचे रुग्ण खरोखरच कमी दगावले होते. कारण असे की, दम्याचा इतिहास असलेला न्यूमोनियाचा रुग्ण आला की डॉक्टर त्याला थेट अतिदक्षता विभागात हलवीत. जास्तीच्या काळजीमुळे तो वाचत असे. ती काळजी यंत्राला दिसली नाही. त्याला फक्त दमा आणि जगणे एवढेच दिसले. हे मॉडेल धोरण म्हणून लागू झाले असते, तर दमेकऱ्यांना कमी धोक्याचे ठरवून घरी पाठवले गेले असते, आणि ज्या काळजीमुळे ते वाचत होते तीच काढून घेतली गेली असती.

यापुढची गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. दम्याचा नियम न्यूरल नेटवर्कमध्ये दिसला नव्हता. तो वाचता येणाऱ्या मॉडेलमध्ये दिसला. पण नोंदी त्याच असल्यामुळे नेटवर्कनेही तो गिरवला असणार. तो एक दोष जाणून दुरुस्त करता आला असता. कॅरुआनांना भीती वाटली ती न दिसलेल्या दोषांची. असे आणखी किती नियम त्या पेटीत दडले आहेत, हे कोण सांगणार? म्हणून अधिक अचूक असलेले ते नेटवर्क रुग्णांवर वापरायचे नाही, असे ठरले आणि कमी अचूक परंतु समजणारी पद्धत पत्करली गेली. पुढे २०१५ मध्ये कॅरुआना व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच नोंदींवर नव्या प्रकारचे मॉडेल केले. त्यात प्रत्येक घटकाचा परिणाम आलेखावर पाहता येतो आणि तज्ज्ञाला तो दुरुस्तही करता येतो. त्यात दमा पुन्हा वर आलाच, पण हृदयविकार आणि छातीत दुखणे हेही धोका कमी करणारे घटक म्हणून निघाले. त्यांनाही तातडीने उपचार मिळत होते, हे उघड आहे.

एखादी संस्था यंत्राला कारण विचारत नाही, तेव्हा अर्जदाराचे नुकसान होते, हे आपल्याला लगेच कळते. पण संस्थाही आंधळी होते. यंत्र रोग शिकले की आपल्याच जुन्या उपचारांची सवय शिकले, हे तिला कळण्याचा मार्गच उरत नाही. संचालक मंडळापुढे येतो तो नेटका आकडा, दशांश चिन्हासह. आकड्याला दशांश चिन्ह असले की माणसे गप्प बसतात, असा माझा अनेक बैठकांचा अनुभव आहे.

कारण विचारायचे कसे, याच्या काही रीती आता रूढ झाल्या आहेत. २०१६ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातील मार्को तुलिओ रिबेरो, समीर सिंग आणि कार्लोस गेस्ट्रिन यांनी ‘लाइम’ नावाची रीत मांडली. कल्पना साधी आहे. एका निर्णयापुरते यंत्राला छळायचे: चित्राचा हा भाग झाकला तर उत्तर बदलते का? तो झाकला तर? ज्याने उत्तर बदलते, ते त्या निर्णयाचे कारण. त्यांनी मुद्दाम एक वाईट यंत्र घडवले. लांडगा आणि हस्की जातीचा कुत्रा यांतला फरक त्याने ओळखायचा होता. पण शिकवण्यासाठी दिलेल्या चित्रांत लांडग्यांच्या मागे बर्फ होता आणि कुत्र्यांच्या मागे नव्हता. यंत्र जनावर न पाहता बर्फ पाहायला शिकले. मग मशीन लर्निंगचा अभ्यासक्रम केलेल्या २७ पदव्युत्तर विद्यार्थ्यांना त्याची उत्तरे दाखवली. २७ पैकी १० जणांनी त्या यंत्रावर विश्वास ठेवला. कोणत्या भागावरून उत्तर आले, हे दाखवल्यावर विश्वास ठेवणारे तिघेच उरले. ही शिकलेली माणसे होती, हे लक्षात घ्यावे.

दुसरी रीत ‘शाप’ या नावाने ओळखली जाते. नाव ऐकून वर्गात हशा पिकेल, पण ते इंग्रजी आद्याक्षरांवरून आले आहे. तिचा पाया लॉइड शॅप्ली या गणितज्ञाने १९५३ मध्ये घातला. त्यांना २०१२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. शॅप्लींचा मूळ प्रश्न यंत्राचा नव्हताच. चौघांनी मिळून मिळवलेले पैसे न्याय्य रीतीने कसे वाटावेत, असा तो प्रश्न होता.

समजा, आपला एक माजी विद्यार्थी लग्नाच्या जेवणावळी करतो आणि दुसऱ्याकडे टेम्पो आहे. आचारी एकटा काम करतो तेव्हा दिवसाला ४०० रुपये सुटतात, टेम्पोवाल्याला एकट्याला २००. दोघे मिळून मोठी कामे घेतात तेव्हा १,००० सुटतात. आचाऱ्याचा वाटा किती? आचारी आधी आला असे धरले, तर त्याचे ४०० आणि नंतर आलेल्या टेम्पोमुळे वाढलेले ६०० टेम्पोचे. टेम्पो आधी आला असे धरले, तर टेम्पोचे २०० आणि आचाऱ्यामुळे वाढलेले ८००. दोन्ही क्रमांची सरासरी काढली की आचाऱ्याला ६०० आणि टेम्पोवाल्याला ४००. बेरीज पुन्हा १,०००. पैसा शिल्लक राहत नाही की कमी पडत नाही. २०१७ मध्ये स्कॉट लुंडबर्ग आणि सु-इन ली यांनी हीच वाटणी यंत्राच्या निर्णयाला लावली. अर्जदाराचे उत्पन्न, जुनी कर्जे, नोकरीची वर्षे हे भागीदार. यंत्राने दिलेला आकडा ही कमाई. सर्वसाधारण अर्जदारापेक्षा या अर्जदाराचे गुण जितके घटले, त्यात कोणत्या भागीदाराचा वाटा किती, हे मांडता येते. दोघे भागीदार असले तर क्रम दोनच. दहा झाले की ३६,२८,८०० होतात. म्हणून प्रत्यक्षात नाना युक्त्या आणि अंदाज वापरावे लागतात.

आता एक सावधगिरी. ही रीत यंत्राने काय मोजले ते सांगते. जगात तसे का घडले, ते सांगत नाही. दम्याच्या मॉडेलला ही रीत लावली असती, तर ‘दम्यामुळे धोका इतका घटला’ असे सुबक उत्तर मिळाले असते. त्या उत्तरावर भुवई उंचावणारा माणूस खोलीत हवा.

आणि काही वेळा भुवई उंचावण्यासारखे काहीच दिसत नाही. झियाद ओबरमायर व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेले संशोधन असे आहे. अमेरिकेतील रुग्णालये गुंतागुंतीचे आजार असलेल्या रुग्णांना विशेष देखरेखीच्या कार्यक्रमात घेतात. कोणाला घ्यावे, यासाठी एक मॉडेल सर्रास वापरात होते. त्यात वंश हा रकानाच नव्हता. तरीही समान गुण मिळालेल्या गोऱ्या आणि कृष्णवर्णीय रुग्णांची तुलना केली, तेव्हा कृष्णवर्णीय रुग्ण अधिक आजारी निघाले. मॉडेलला विचारले होते ते असे: पुढील वर्षी या रुग्णावर खर्च किती होईल? खर्च म्हणजेच गरज, असे गृहीत धरलेले होते. पण ज्यांच्यापर्यंत दवाखाना पोहोचलाच नाही, त्यांच्यावर खर्च कोठून झालेला असणार? कमी खर्च हा कमी आजाराचा पुरावा ठरला. हा पक्षपात दूर केला, तर विशेष देखरेखीस पात्र ठरणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर जाईल, असे संशोधकांनी दाखवले. या मॉडेलला ‘शाप’ रीतीने कारण विचारले असते, तर ‘मागील खर्च’ असे अगदी सभ्य उत्तर आले असते. चूक उत्तरात नव्हती. ती विचारलेल्या प्रश्नात होती, आणि प्रश्न यंत्राने नव्हे, माणसांनी ठरवला होता.

रकाना नसला म्हणून भेद नसतो, हे सांगायला मला अमेरिकेला जाण्याची गरज नव्हती. पण तेथला इतिहास कागदोपत्री स्वच्छ दिसतो, म्हणून सांगते. १९३३ मध्ये तेथे स्थापन झालेल्या घरकर्ज महामंडळाने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे केले. कर्जाच्या दृष्टीने धोक्याच्या वस्त्या लाल रंगवल्या. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या बहुधा लाल पडल्या. घरांच्या बाबतीतला भेदभाव १९६८ च्या कायद्याने निषिद्ध झाला. पण तोवर घडलेल्या व्यवहारांच्या नोंदी आणि पत्ते तसेच राहिले. अशा नोंदींवर शिकलेल्या यंत्राला पत्ता पुरेसा असतो. आपल्याकडे गावाची रचना, वस्तीचे नाव आणि आडनाव यांवरून कशाचा अंदाज बांधला जातो, हे या स्मरणिकेच्या वाचकांना मी समजावून सांगायला नको. अर्जातून जातीचा रकाना काढणे सोपे आहे. पिनकोड काढून कर्जाचा अर्ज कसा भरणार?

नोकरभरतीतही हेच घडले. ॲमेझॉन कंपनीने २०१४ पासून अर्ज चाळणारे एक यंत्र करून पाहिले. दहा वर्षांचे जुने अर्ज हे त्याचे पाठ्यपुस्तक होते आणि ते अर्ज बहुतांशी पुरुषांचे होते. ‘महिलांच्या’ असा शब्द असलेल्या अर्जाचे गुण ते कापू लागले. केवळ महिलांच्या अशा दोन महाविद्यालयांतील पदवीधरांनाही खाली ढकलू लागले. कंपनीच्या लोकांनी आत डोकावून पाहिले म्हणून हे कळले, आणि अखेर तो प्रकल्प गुंडाळला गेला. २०१८ मध्ये रॉयटर्सने ही बातमी दिली.

मग पेटी आधी बंद करायची आणि नंतर तिला कारणे विचारत बसायचे, यापेक्षा पेटी पारदर्शकच का करू नये? ड्यूक विद्यापीठातील सिंथिया रुडिन यांनी २०१९ मध्ये हाच प्रश्न रोखठोक मांडला. माणसाच्या आयुष्यावर परिणाम करणाऱ्या निर्णयांत मुळातच समजणारे मॉडेल वापरा, असे त्यांचे म्हणणे. अचूकता आणि स्पष्टता यांतले एकच मिळते, हा समज रकान्यांत बसणाऱ्या माहितीच्या बाबतीत बहुधा खोटा ठरतो, असा त्यांचा दावा आहे. २०१८ मध्ये कर्जविषयक एका स्पर्धेत ब्लॅक बॉक्स तयार करून तिचे स्पष्टीकरण द्यायचे होते. त्यांच्या चमूने ब्लॅक बॉक्सऐवजी पूर्णपणे पारदर्शक मॉडेलच सादर केले. मला त्यांची बाजू पटते. शिवाय नंतर दिलेले कारण खोटेही असू शकते. लाइम आणि शाप या दोन्ही रीतींना फसवणारे मॉडेल घडवता येते, हे २०२० मध्ये संशोधकांनी करून दाखवले आहे. आत भेदभाव करायचा आणि विचारणाऱ्यापुढे निरुपद्रवी कारण ठेवायचे, हे यंत्रालाही शिकवता येते. माणसांना ते शिकवावे लागले नव्हते.

आता कायद्याचे. सत्तेने निर्णय दिला तर कारणही द्यावे, हे तत्त्व आपल्याकडे संगणकाच्या आधीपासून रुजत आले आहे. १९७७ मध्ये मनेका गांधी यांचे पारपत्र ‘जनहितार्थ’ जप्त झाले. कारण विचारले, तेव्हा जनहिताचेच नाव घेऊन ते देण्यास नकार मिळाला. जानेवारी १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निकाल विद्यार्थी नागरिकशास्त्रात वाचतात: स्वातंत्र्य हिरावण्याची कार्यपद्धती न्याय्य, वाजवी आणि मनमानीमुक्त असली पाहिजे. कर्जाच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने २००३ मध्येच बँकांना न्याय्य व्यवहार संहिता घालून दिली. छोट्या कर्जाचा अर्ज नाकारला तर मुख्य कारण लेखी कळवावे, असे तीत होते. २००७ मध्ये ही अट रकमेची मर्यादा न ठेवता सर्व प्रकारच्या कर्जांना लागू झाली. अमेरिकेत समान पतसंधीचा कायदा १९७४ चा आहे. ‘आमच्या निकषांत बसत नाही’ किंवा ‘गुण कमी पडले’ एवढे उत्तर तेथे पुरेसे मानत नाहीत. नेमके कारण द्यावे लागते. २०२२ मध्ये तेथील ग्राहक वित्तीय संरक्षण ब्युरोने स्पष्ट केले की, अल्गोरिदम गुंतागुंतीचा आहे, ही सबब चालणार नाही. ज्या संस्थेला कारण देता येत नाही, तिने ते यंत्र वापरू नये, असाच याचा अर्थ.

हे सर्व वाचून झाल्यावर योगायोगाने आपल्याच संस्थेच्या बैठकीत हा विषय निघाला. आपल्या वसतिगृहात जागांपेक्षा अर्ज नेहमीच जास्त येतात. प्रवेश समिती बसते, प्रत्येक अर्जावर बोलते आणि प्रवेश नोंदवहीच्या ‘शेरा’ या शेवटच्या रकान्यात कारण लिहिते: ‘आईवडील कारखान्यावर, घरी आजी एकटी’, ‘गावात सातवीपर्यंतच शाळा’. जुन्या नोंदवह्यांतले हे शेरे कोणी कधी वाचावेत. अवघ्या तीन-चार शब्दांत एकेका घराची अवस्था उभी राहते. बैठकीत एक तरुण गृहस्थ संगणकाची एक प्रणाली दाखवायला आले होते. आपल्याच जुन्या नोंदींवर ती शिकलेली होती. प्रत्येक अर्जदार मूल मधूनच शाळा सोडण्याचा धोका किती, ते ती आकड्यात सांगे. जास्त धोका असलेल्यांना आधी खाट द्यावी, असा त्यांचा प्रामाणिक हेतू होता.

मी विचारले, “हिने आकडा कशावरून काढला, ते दाखवता येईल का?” त्यांनी लगेच पडद्यावर आडव्या पट्ट्यांचा आलेख आणला, त्याबद्दल त्यांचे कौतुक केले पाहिजे. उजवीकडची पट्टी धोका वाढवणारी, डावीकडची कमी करणारी. ‘पालकांचा व्यवसाय ऊसतोड’ ही पट्टी चांगली लांबलचक डावीकडे गेलेली होती. म्हणजे ऊसतोड कामगारांच्या मुलांना धोका कमी. म्हणजे खाट देताना ती यादीत खाली. खोलीत क्षणभर कोणी बोलेना. मग आपले निवृत्त वसतिगृह अधीक्षक, जे बैठकीत सहसा तोंड उघडत नाहीत, ते म्हणाले, “अहो, ती पोरं टिकतात, कारण आपण त्यांना आधी आत घेतो. दिवाळीनंतर गाडी भरून जायची वेळ येते, तेव्हा ती इथं असतात.”

न्यूमोनिया आणि दमा मला तेव्हा नव्याने कळला. आपल्या नोंदीतले ऊसतोडीचे मूल म्हणजे खाट मिळालेले मूल. ज्या मुलांना आपण जागा देऊ शकलो नाही, ती पुढे शिकली की कोयता घेऊन फडात गेली, याची नोंद आपल्या दप्तरात नाहीच. यंत्राने आपले अर्धेच दप्तर वाचले होते, कारण आपण अर्धेच लिहिले होते. त्या गृहस्थांनी हे आपल्या डायरीत लिहून घेतले. बैठकीत ठरले ते असे: प्रवेशासाठी हा आकडा वापरायचा नाही, शेऱ्याचा रकाना चालू ठेवायचा, आणि नाकारलेल्या अर्जांचीही स्वतंत्र नोंदवही करून वर्षाच्या शेवटी त्या घरांकडे चौकशी करायची. दुसऱ्या सत्रात कोणाची हजेरी अचानक घसरते आहे, हे पाहायला मात्र प्रणाली वापरून पाहावी, असे बहुमत पडले. माझे मत त्यात होते. पहिली नोंदवही यंदा आठवीच्या वर्गशिक्षिकेकडे आहे. ज्या माजी विद्यार्थ्यांना आपल्या गावातली अशी घरे ठाऊक आहेत, त्यांनी त्यांना अवश्य कळवावे.

गॅरेजवाल्या विद्यार्थ्याला मी दोन गोष्टी करायला सांगितल्या. पहिली, नामंजुरीचे मुख्य कारण लेखी मिळावे, असा शाखा व्यवस्थापकाच्या नावे अर्ज आणि त्याची पोच. दुसरी, स्वतःचा पतअहवाल काढणे. आपल्या देशात पतमाहिती ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत. प्रत्येकीने वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा, असा नियम २०१७ पासून आहे. पुष्कळांना तो ठाऊक नसतो आणि मग एजंट पैसे घेतात. तीन आठवड्यांनी बँकेचे पत्र आले. त्यात एका ओळीत कारण होते: ‘पूर्वीचे कर्ज थकीत’. अहवालात ते सापडलेही. सात वर्षांपूर्वी एका फायनान्स कंपनीकडून घेतलेले दुचाकीचे कर्ज त्याने केव्हाच फेडले होते. ना-हरकत दाखला त्याच्या ट्रंकेत प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला होता. नोंदीत मात्र शेवटचे दोन हप्ते बाकी दिसत होते. यंत्राने जे वाचायला मिळाले, ते वाचले होते.

दुरुस्तीची तक्रार त्याने दाखल्याची प्रत जोडून केली आहे. तक्रारीचे निवारण ३० दिवसांत झाले नाही, तर त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते, असा रिझर्व्ह बँकेचा २०२३ चा आदेश आहे. हेही त्याला लिहून दिले. गाळ्याच्या मालकाने दिवाळीपर्यंत थांबायचे कबूल केले आहे. ही स्मरणिका छपाईला जात असताना ३० दिवसांपैकी अकरा उरले आहेत.